पत्ता मागितला कुणी?

या वेळच्या गठ्ठ्यात व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या नेटवर्कपर्यंत जाणाऱ्या खासगी बोगद्याची, पत्रं इतकी निघाली, की बाकीची पुढच्या अंकावर ढकलली. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे: बोगदा तयार झाला, यंत्राच्या आयपी पत्त्याचं काय? आधी एक सूचना. इथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, यंत्रावर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. मागे एकाने खरोखर देवनागरीत टाइप करून चालत नाही म्हणून कळवलं होतं.

प्रश्न : मॅडम, आमच्या ऑफिसचं व्हीपीएन सॉफ्टईथर या प्रोग्रॅमवर आहे. विंडोजवर कनेक्टचं बटण दाबलं की काम झालं. तेच खातं लिनक्सच्या लॅपटॉपवर घातलं, तर स्थिती ‘कनेक्टेड’ दाखवतो पण ऑफिसचा एकही सर्व्हर लागत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून डीएचक्लायंट हा पत्ता मागणारा प्रोग्रॅम चालवला. पत्ता आला! आणि अर्ध्या मिनिटात व्हीपीएनही गेलं, इंटरनेटही गेलं. विंडोजला जमतं ते लिनक्सला का जमू नये?

उत्तर : जमतं दोघांनाही. फरक मागण्यात आहे.

सॉफ्टईथर तुमच्या यंत्रात एक आभासी नेटवर्क कार्ड बसवतं आणि त्याची वायर दूरच्या हबमध्ये (सगळ्या वायरी एकत्र येतात त्या आभासी खोक्यात) खोचतं. ‘कनेक्टेड’ म्हणजे वायर लागली, एवढंच. पत्ता त्या वायरीवरून मागून घ्यावा लागतो. कार्ड सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं, ‘कुणी पत्ता देतं का?’ पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, ‘हा घे.’ कार्ड म्हणतं, ‘हाच द्या.’ सर्व्हर म्हणतो, ‘दिला, इतक्या वेळापुरता.’ चार पॅकेटांचा हा संवाद १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात लिहून ठेवला आहे आणि आजही तसाच चालतो.

विंडोजमध्ये डीएचसीपी क्लायंट नावाची सेवा कायम जागी असते. कोणत्याही कार्डाला वायर लागल्याची खबर आली, की ती लगेच हाक मारते. कार्ड खरं की आभासी याच्याशी तिला देणंघेणं नाही. लिनक्समध्ये हे काम एखाद्या प्रोग्रॅमवर सोपवलेलं असतं: नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी, डीएचक्लायंट, जे काय असेल ते. आणि हे प्रोग्रॅम त्यांना नेमून दिलेल्या कार्डांकडेच बघतात. तुमचं आभासी कार्ड कुणाच्याच यादीत नव्हतं. कुणी मागितलंच नाही, म्हणून कुणी दिलं नाही.

आता ते अर्धं मिनिट. हे जरा जवळून बघू. पत्ता आल्या आल्या, सगळं बंद पडायच्या आत, ‘आयपी रूट’ अशी आज्ञा दिली असतीत तर दोन ओळी ‘डिफॉल्ट’ने, म्हणजे दुसरा नेमका रस्ता नसेल तेव्हाच्या रस्त्याने, सुरू होताना दिसल्या असत्या. एक जुनी, तुमच्या वायफायची: गेटवे (बाहेर जायचं दार) १९२.१६८.१.१, मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम) ६००. दुसरी नवी, व्हीपीएनच्या कार्डावरची: गेटवे १९२.१६८.३०.१, आणि मेट्रिकचा उल्लेखच नाही. उल्लेख नाही म्हणजे शून्य, आणि ज्याचं मेट्रिक कमी तो रस्ता आधी. म्हणजे त्या क्षणापासून बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट बोगद्यात शिरू लागलं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बोगदा ज्यांच्यावर उभा आहे, ती व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारी पॅकेटंसुद्धा! विहिरीत उतरणाऱ्याने दोराचं वरचं टोकही आपल्याच कमरेला बांधावं, तसा हा प्रकार. सर्व्हरला तुमच्याकडून काहीच ऐकू येईना, त्याने थोडी वाट पाहिली आणि जोडणी सोडून दिली. नवा डिफॉल्ट रस्ता मात्र जागेवरच राहिला, म्हणून इंटरनेटही गेलं.

उपाय एका ओळीचा आहे, पण तो डीएचक्लायंटच्या आधी करायचा. व्हीपीएन सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता समजा २०३.०.११३.१० आहे. फक्त त्या एका पत्त्यासाठी, म्हणजे /३२ चा, रस्ता जुन्या गेटवेकडून घालून ठेवा: ‘आयपी रूट अॅड २०३.०.११३.१०/३२ व्हाया १९२.१६८.१.१’. जास्त नेमका रस्ता नेहमी जिंकतो, मग मेट्रिक काहीही असो. त्यानंतर पत्ता मागा. विंडोजवर सॉफ्टईथरचा क्लायंट हेच तुमच्या नकळत करतो. त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये राउटिंग टेबलला हात लावू नको असा एक पर्यायही आहे, तो टिक करून बघितलात तर विंडोजवरही हाच तमाशा दिसेल.

माझं विचाराल तर मी याहून आळशी मार्ग घेते. तुम्हाला फक्त ऑफिसचे सर्व्हर हवे असतील, तर व्हीपीएनकडून गेटवे घ्यायचाच कशाला? डीएचक्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या कार्डापुरती मागण्यांची यादी लिहिता येते. त्यातून ‘राउटर्स’, म्हणजे गेटवे, गाळून टाका. पत्ता येईल, मास्क येईल, डिफॉल्ट रस्ता येणार नाही. ऑफिसचं नेटवर्क दुसऱ्या कुठल्या पट्ट्यात असेल, तर तेवढा रस्ता हाताने घाला.

बाकीच्या व्हीपीएनांनी हाच गुंता कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. ओपनव्हीपीएन जुन्या डिफॉल्टला हातच लावत नाही. ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे अर्ध्या-अर्ध्या जगाचे दोन रस्ते घालतं आणि सर्व्हरसाठी तो /३२ चा. दोन अर्धे एका पूर्णापेक्षा नेमके, म्हणून तेच जिंकतात. व्हीपीएन बंद झालं की ते काढून टाकायचे, जुना रस्ता खाली शाबूत असतोच. लिनक्सवर वायरगार्डची डब्ल्यूजी-क्विक ही स्क्रिप्ट स्वतःच्या पॅकेटांवर खूण मारते आणि खूण नसलेल्या बाकीच्यांना वेगळ्या टेबलातून बोगद्यात पाठवते. अँड्रॉइडमध्ये तर ‘प्रोटेक्ट’ नावाची सोयच आहे: अॅपने सांगायचं, माझं हे सॉकेट (ही एक जोडणी) बोगद्याबाहेर ठेवा. मला यातली अर्ध्या-अर्ध्याची युक्ती सगळ्यांत आवडते. कशाची मोडतोड नाही, की नंतर फारशी आवराआवर नाही.

प्रश्न : लिनक्सवर व्हीपीएन जोडणारी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली आहे. सगळं नीट चालतं, पण बरोबर दोन तासांनी ऑफिसचं नेटवर्क गायब होतं. क्लायंट ‘कनेक्टेड’च म्हणतो. पुन्हा स्क्रिप्ट चालवली की परत दोन तास. सोबत स्क्रिप्ट जोडली आहे.

उत्तर : स्क्रिप्ट जोडलीत हे फार बरं केलंत. शेवटून तिसऱ्या ओळीत उत्तर आहे: पत्ता मिळाल्यावर तुम्ही डीएचक्लायंटला ठार मारता. शेजारी शेराही आहे, ‘डीएनएस बिघडवतो म्हणून’. (डीएनएस म्हणजे नावांवरून पत्ते शोधणारी व्यवस्था.)

‘इतक्या वेळापुरता’ हे सर्व्हरचे शब्द वर आलेच आहेत. सॉफ्टईथरच्या सिक्युअरनॅट या अंगच्या सोयीतला डीएचसीपी सर्व्हर मुळात ७२०० सेकंदांची लीज (पत्त्याची मुदत) देतो, म्हणजे दोन तास. क्लायंटने अर्धी मुदत झाली की, म्हणजे एका तासाने, त्याच सर्व्हरला विचारायचं असतं, ‘वाढवता का?’ उत्तर आलं नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर, एक तास पंचेचाळीस मिनिटांनी, कुणीही वाढवा म्हणून सगळ्यांना हाक मारायची. तुमच्याकडे विचारायला कुणी जिवंतच नाही. स्वतः बघा: स्क्रिप्ट चालवल्यावर ‘आयपी अॅड्रेस शो’ द्या. पत्त्याखालच्या ओळीत ‘व्हॅलिड एलएफटी’पुढे सेकंद दिसतील. एक चहा, आपलं, एक ईमेल वाचून परत द्या, आकडा उतरलेला असेल. तो शून्यावर आला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पत्ता काढून टाकतो, आणि वायर तशीच लागलेली राहते.

डीएनएसचा राग मला समजतो. डीएचक्लायंट डीएनएस सर्व्हर नोंदवलेली रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल बिनदिक्कत पुसून स्वतःची लिहितो. पण त्यासाठी खून नको. डेबियन घराण्यातल्या लिनक्समध्ये डीएचक्लायंटच्या एंटर-हुक्सच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवून ‘मेक रिझॉल्व्ह कॉन्फ’ हे फंक्शन व्हीपीएन कार्डापुरतं रिकामं करता येतं. जोडीला हेही लक्षात असू द्या, की डीएचक्लायंटची देखभाल त्याच्या कर्त्यांनी २०२२ मध्ये थांबवली. नव्याने लिहितच असाल तर नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडीकडे ते कार्ड सोपवा. डीएनएस घ्यायचं नाही, डिफॉल्ट रस्ता घ्यायचा नाही, हे दोन्ही तिथे सेटिंगमध्ये सांगता येतं.

प्रश्न : विंडोजवर ओपनव्हीपीएन आहे. कधी लगेच जोडतं, कधी खूप वेळ अडकतं आणि कार्डावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो. सर्व्हर सांभाळणारे म्हणतात की आमच्या बाजूने पत्ता गेला आहे. मग तो मधल्या मध्ये हरवतो कुठे?

उत्तर : तुमच्याच यंत्रात, आणि सर्व्हरवाले खरं बोलताहेत.

१६९.२५४ हा पट्टा कुणी देत नाही, विंडोज स्वतः उचलतं. हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मग निदान शेजाऱ्यांशी बोलता यावं म्हणून घेतलेला हा तात्पुरता पत्ता. हा पत्ता दिसला की वाचायचं: मागणारा होता, देणारा भेटला नाही.

पण देणारा कोण? इथे ओपनव्हीपीएनची चलाखी आहे. सर्व्हरने पत्ता बोगद्याच्या आतून, स्वतःच्या भाषेत, क्लायंटला आधीच पाठवलेला असतो. आता तो विंडोजच्या कार्डावर चढवायचा कसा? टॅप ड्रायव्हर (ओपनव्हीपीएनचं आभासी कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चक्क खोटा डीएचसीपी सर्व्हर बनतो. विंडोजची सेवा नेहमीसारखी हाक मारते, ती हाक यंत्राबाहेर पडतच नाही. ड्रायव्हर ती मध्येच अडवतो आणि क्लायंटने सांगितलेला पत्ता उत्तर म्हणून देतो. जोडणी नीट झाली असेल तेव्हा ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ देऊन बघा. डीएचसीपी सर्व्हर म्हणून १०.८.०.२५४ सारखं काहीतरी दिसेल आणि लीज संपायची तारीख थेट पुढच्या वर्षीची! ३,१५,३६,००० सेकंद, ३६५ दिवस. त्या पत्त्यावर कुणीही राहत नाही. फक्त तो पत्ता खऱ्या यंत्राला देऊ नका, एवढं सर्व्हरवाल्यांना सांगा.

तेव्हा हरवण्याच्या जागा दोन. एक, तिसऱ्याच कुठल्या तरी फायरवॉलने हा घरातल्या घरातला संवाद अडवला. दोन, डीएचसीपी क्लायंट सेवा बंद आहे, यंत्राचा वेग वाढवण्याच्या नावाखाली ती बंद करणारे महाभाग असतात. तुमचं कधी होतं, कधी अडकतं, म्हणजे मला पहिल्याचा संशय जास्त. अडकण्यालाही कारण आहे: ओपनव्हीपीएन वीस सेकंद या युक्तीची वाट बघतं, नाही जमलं तर विंडोजच्या नेटएसएच आज्ञेने पत्ता सरळ लिहून टाकतं. रोजच अडकत असेल, तर कॉन्फिगमध्ये ‘आयपी-विन३२ नेटएसएच’ अशी ओळ घालून वाट बघणंच संपवा. २०२३ च्या २.६ आवृत्तीपासून आलेल्या डीसीओ या नव्या ड्रायव्हरमध्ये तर ही खोट्या सर्व्हरची भानगडच नाही.

प्रश्न : आमच्या दोन शाखा आहेत. टॅप वापरून ब्रिज केलं, म्हणजे दोन्ही नेटवर्क थेट सांधली, की दोन्हीकडे एकच नेटवर्क होईल, एकच डीएचसीपी सर्व्हर पुरेल, असा माझा बेत आहे. बरोबर आहे ना?

उत्तर : बेत कागदावर सुंदर आहे. मीही असाच केला होता, म्हणून मोकळेपणाने सांगते.

एका संस्थेत मी नेटवर्क सांभाळत होते तेव्हाची गोष्ट. ब्रिज सुरू केला, तीन दिवस सगळे खूश. चौथ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयातल्या काही यंत्रांचं इंटरनेट कूर्मगतीने चालू लागलं. सगळ्यांचं नाही, काहींचं. ज्यांनी आदल्या दिवशी यंत्र बंदच केलं नव्हतं ते ठीक, सकाळी सुरू केलेल्यांपैकी निम्मे अडकलेले. दुपारपर्यंत मी स्विच बदलले, वायरी बदलल्या, एका गरीब माणसाचं नेटवर्क कार्डही बदललं. शेवटी एका अडकलेल्या यंत्रावर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ दिलं आणि नुसता गेटवे न बघता त्याखालची ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ वाचली. तो पत्ता आमचा नव्हताच. ‘एआरपी -ए’ देऊन त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा कारखान्यातला क्रमांक) काढला, उत्पादक सांगणाऱ्या पहिल्या सहा अक्षरांवरून तो घरगुती राउटर निघाला. शाखेत कुणीतरी वायफाय हवं म्हणून आपला राउटर नेऊन भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता. त्याचा डीएचसीपी सर्व्हर चालू. ब्रिजमुळे मुख्य कार्यालयातली हाक त्याच्याही कानावर जात होती, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता. ज्या यंत्रांना त्या राउटरचा पत्ता मिळाला त्यांचं सगळं इंटरनेट बोगद्यातून शाखेत, तिथून त्या राउटरमधून बाहेर, असा द्राविडी प्राणायाम करत होतं.

ब्रिज म्हणजे हाक पलीकडेही ऐकू जाणार. म्हणून दोन्ही बाजूंना स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर ठेवा आणि ब्रिजवर डीएचसीपीचे, म्हणजे यूडीपीचे ६७ आणि ६८ हे पोर्ट अडवा. सॉफ्टईथरमध्ये वापरकर्त्याच्या सुरक्षा धोरणात त्याला डीएचसीपी सर्व्हर बनू न देण्याचा वेगळा पर्याय आहे, तो लावा. आणि सिक्युअरनॅट आणि ब्रिज एकाच हबवर एकाच वेळी सुरू करू नका, सिक्युअरनॅटचा डीएचसीपी सर्व्हरही स्पर्धेत उतरतो. खरं तर शाखेतल्या यंत्रांना एकमेकांच्या हाका ऐकायची गरज आहे का, हे आधी तपासा. बहुतेक वेळा नसते. मग दोन वेगळे पट्टे आणि मध्ये राउटिंग, इतकं पुरतं.

प्रश्न : वायरगार्डमध्ये प्रत्येक फोनचा पत्ता मला हाताने का लिहावा लागतो? आणि मॅकवर आमचं जुनं टॅपवालं व्हीपीएन का चालत नाही?

उत्तर : वायरगार्डच्या बोगद्यात इथरनेटच (कार्डांची वायरीवर बोलायची भाषाच) नाही, फक्त आयपी पॅकेटं. सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायची सोय नाही, आणि कोणती किल्ली कोणत्या पत्त्याची हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असावं लागतं. ती यादीच त्याचा पहारेकरी आहे. शंभर फोन असतील तर हाताने लिहू नका, कॉन्फिग तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. हाताने लिहिलेल्या यादीत दोन फोनांना एकच पत्ता जाणार म्हणजे जाणारच.

फोनवर तर डीएचसीपीचा प्रश्नच येत नाही. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन अॅपने पत्ता, रस्ते, डीएनएस हे सगळं सिस्टमला आधी सांगायचं, मगच ती बोगदा उभा करते. पत्ता न सांगता मागितलात तर नकार. आयओएसवरही तसंच. टॅपसारखं कार्ड दोन्हीकडे मिळत नाही. आयकेईव्ही२ ही जोडणीची पद्धत वापरणारी व्हीपीएनं पत्ता हात मिळवतानाच मागून घेतात, म्हणून ती फोनवर बिनबोभाट चालतात.

मॅकओएसमध्ये अंगचं आहे ते यूटन हे आभासी कार्ड, तेही इथरनेट नसलेलं. टॅपसाठी बाहेरचं कर्नल एक्स्टेन्शन लागायचं, आणि अॅपलच्या स्वतःच्या चिपवर ते लादायचं तर यंत्राची सुरक्षा खाली आणावी लागते. मी आणणार नाही. सर्व्हरवाल्यांना टन, म्हणजे फक्त आयपी पॅकेटांच्या, मोडचं दुसरं पोर्ट उघडायला सांगा. जाता जाता, मॅकवर डीएनएस तपासताना रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल उघडून बसू नका. ‘एससीयूटिल --डीएनएस’ जे दाखवेल ते खरं.

प्रश्न : अनोळखी वायफायवर डीएचसीपीमुळे व्हीपीएनला बगल देता येते असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ या नावाने ते गाजलं. डीएचसीपी सर्व्हर पत्त्याबरोबर रस्तेही देऊ शकतो, २००२ च्या आरएफसी ३४४२ मधला तो पर्याय क्रमांक १२१. वायफायवरच्या लबाड सर्व्हरने पुरेसे नेमके रस्ते दिले, तर वरची अर्ध्या-अर्ध्याची युक्तीही हरते, आणि पॅकेटं बोगद्यात न शिरता बाहेरून जातात. व्हीपीएन आपलं ‘कनेक्टेड’ दाखवत बसतं. अँड्रॉइड हा पर्याय पाळतच नाही, म्हणून तो सुटला. लिनक्सवर नेटवर्क नेमस्पेस वापरून अॅप वेगळ्या खोलीत ठेवता येतात. बाकीच्यांनी क्लायंटमध्ये बोगद्याबाहेरची वाहतूक फायरवॉलने अडवणारा पर्याय लावा. आणि संशय आला तर मॅकवर ‘आयपीकॉन्फिग गेटपॅकेट ईएन०’ द्या. सर्व्हरने पाठवलेला अख्खा कागद समोर येतो. त्यात ‘क्लासलेस स्टॅटिक रूट’ अशी ओळ दिसली आणि ती तुमच्या ओळखीच्या नेटवर्कची नसेल, तर ते वायफाय सोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटवर या.